दादाच्या शर्टावरचं मीठ

आमच्या घरी दूध तापवण्याआधी हुंगलं जायचं. हुंगण्याचं काम बाबांचं. ते सरकारी धान्य गोदामात नोकरीला होते. पोत्यात परखी, म्हणजे ती टोकदार पोकळ नळी, खुपसायची, तळहातावर उतरलेले दाणे नाकाशी न्यायचे आणि माल आत घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. ते निवृत्त झाले, पण नाक काही निवृत्त झालं नाही. पालकाची जुडी, डॉक्टरांनी दिलेलं औषध, लग्नाच्या पंगतीतला वडा-भात, शेजाऱ्यांनी पाठवलेली खीर, सगळं आधी त्यांच्या नाकाखालून जायचं. आणि माणसांचंही तसंच. मी मैत्रिणीकडून आले की ते पेपरमधून डोकं वर न काढता विचारायचे, "कोठी गेली होती वं?" मी सांगायची, प्राचीकडे. मग ते पान उलटत म्हणायचे, "प्राचीच्या घराले तर कुलूप होतं. मी भाजी आणाले गेलो तवा पाह्यलं." आम्ही दोघी तिच्या मावशीच्या घरी होतो हे खरं होतं, पण ते खरं सांगतानाही माझी जीभ अडखळायची. आज माझी मुलगी उशिरा घरी येते तेव्हा मी तोंड दाबून गप्प बसते, त्यामागे ही सगळी वर्षं आहेत.

नागपूरच्या मानेवाड्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. उन्हाळ्यात कूलरचा घरघराट आणि वाळ्याचा ओला वास, रविवारी आईचा गोळाभात, त्यावर हिंगाचं कडकडीत तेल. आणि रोज सकाळी सहाला कोपऱ्यावर दोनदा वाजणारा कंपनीच्या बसचा भोंगा. माझा मोठा भाऊ, हेमंतदादा, हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनवर होता. भोंगा वाजला की तो एका हातात डबा आणि एका हातात बूट घेऊन पळायचा, बसमध्ये बूट घालायचा. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. बाबांच्या प्रश्नांना मी घाबरून उत्तरं द्यायची. दादा उत्तरंच द्यायचा नाही. एकदा कारखान्याची सहल कोकणात गेली, तीन दिवसांनी दादा परत आला आणि त्यानंतर महिनाभर तो जेवताना ताटाकडे बघत काहीतरी वेगळाच विचार करत असायचा. मग एका संध्याकाळी त्याने सांगितलं, पुण्याच्या कारखान्यात बदली झाली आहे. बाबांनी विचारलं, "बदलीचा कागद?" दादा म्हणाला, "तिकडं गेल्यावर भेटते." त्या दिवशी बाबांनी दादाच्या पाठीकडे जसं पाहिलं, तसं ते किडलेल्या पोत्याकडे पाहत असतील असं मला वाटलं.

दर रविवारी दुपारी दादाचा फोन यायचा. बाबा मला कूलर बंद करायला लावायचे, फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा करायचे, आणि दादाच्या बोलण्याऐवजी त्याच्या मागचे आवाज ऐकायचे. मागे काहीतरी फटफट चालायचं, आणि पक्षी ओरडायचे, चिरके, लांबवलेले. "हे कोणते पक्षी होय गा?" बाबांनी एकदा विचारलं. "कावळे आहेत," दादा म्हणाला. फोन ठेवल्यावर बाबा अंगणात गेले आणि बराच वेळ आमच्या कडुनिंबावरच्या कावळ्यांचं ओरडणं ऐकत उभे राहिले. परत येऊन आईला म्हणाले, "खोटं बोलून राहिला."

दिवाळीला दादा आला तो ओळखू येईना. अंग काळंभोर, केसांची टोकं तांबूस, नाकाची कातडी सोललेली. "काहून गा, नाक काहून सोललं तुयं?" बाबांनी दारातच विचारलं. "शेडवर पत्रे आहेत, ऊन लागते," दादा म्हणाला. त्याने आईसाठी आमसुलं आणली होती. पाकिटावरची चिठ्ठी कुणीतरी नखाने खरवडून काढली होती. दुसऱ्या दिवशी आई मागच्या टाक्यावर त्याचे कपडे धुवायला बसली आणि तिने मला हाक मारली. शर्टाच्या काखेत आणि कॉलरवर पांढरे, कडक नकाशे उमटले होते. "घामाचे एवढे होत नाहीत वं," ती म्हणाली आणि बोटाने ती पांढरी भुकटी जिभेला लावली. बाबा कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनीही चाखलं. "मीठ," ते म्हणाले. "पुण्यात समुद्र कधी आला?"

यानंतर मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. दादा मित्रांकडे गेला असताना मी त्याची बॅग उघडली. बाबांनी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी मला थांबवलंही नाही. ते खाटेवर बसून राहिले. बॅगेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला एक चष्मा निघाला, काळ्या रबराचा, डोळ्यांबरोबर नाकही झाकेल असा. असला चष्मा मी कधी पाहिला नव्हता. बाबांनी तो उलटसुलट केला, हुंगला आणि जसा होता तसा, त्याच घडीत, परत ठेवायला लावला. मग त्यांनी आमसुलांचं पाकीट खिडकीशी नेलं आणि भिंगातून त्या खरवडलेल्या चिठ्ठीकडे बघत बसले. 'माल' एवढंच शिल्लक होतं, आणि पुढे 'व'चा गोल.

दादा गेल्यावर घरात तीन संशय नांदू लागले. आईला वाटायचं, कुणी बाई असेल. बाबांना वाटायचं, बंदरावरून चोरटा माल येत असेल आणि पोरगा त्यात सापडला असेल. आणि मला वाटायचं, दादा आम्हाला सोडून गेला आहे, बाकी सगळं निमित्त आहे. संक्रांत झाल्यावर बाबांनी दोन तिकिटं काढली, त्यांचं आणि माझं. आईने घरी थांबायचं, कारण घर एकटं सोडायला बाबांचा शेजारावर विश्वास नव्हता. कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे घाट उतरणारी एसटी. सगळ्या वाटेत बाबा आमच्या पिशव्यांवर पाय ठेवून बसले होते. मालवण आलं तेव्हा उतरताच त्यांनी श्वास ओढून घेतला आणि म्हणाले, "हाच तो वास."

शोधायला फार वेळ लागला नाही. धक्क्यावर विचारलं तर एकाने सांगितलं, "तो नागपूरचो? स्कुबावालो हेमंत?" आणि हाताने वाळूकडे दाखवलं. पुढे सुरूची झाडं होती. त्यांच्या आडून आम्हाला दादा दिसला. अंगाला चिकटलेला काळा रबरी पोशाख घालून तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. समोर चार पर्यटक, गळ्यात तसलेच चष्मे. तो त्यांना तोंडातून श्वास घ्यायला शिकवत होता. "नाक विसरून जा," तो सांगत होता. "कान दुखले तर नाक दाबून हळूच फुंका. अंगठा वर केला म्हणजे मस्त नव्हे, अंगठा म्हणजे मला वर घेऊन चला. मस्त असेल तर असं, बोटांचा गोल. आणि प्रवाळाला हात लावायचा नाही. ते दगड नाहीत, जिवंत आहेत. इथलं पाणी राखीव आहे." इतकं एका दमात बोललेला दादा मी घरात कधी पाहिला नव्हता. बाबा अर्धा तास झाडामागे उभे राहून ऐकत होते. मग ते बाहेर आले. दादाने मान वळवली आणि त्याचा चेहरा पडला.

"पुणं लय बदललं गा," बाबा म्हणाले.

दादाची खोली धक्क्याजवळच होती. भिंतीवर माशांचा एक तक्ता, कोपऱ्यात वाळत घातलेले पोशाख. तो खाटेवर बसून आईने पाठवलेल्या करंज्या खात होता, खाली मान घालून. "सहलीला आलो तवा पहिल्यांदा पाण्यात गेलो," तो म्हणाला. "मग परत मशीनवर उभा राहिलो तर मले राहवेना. इथं शिकलो, परीक्षा दिली. नवीन लोकांना खाली नेतो, दाखवतो, वर आणतो. यात चोरीचं काय आहे?"

"मग चोरून काहून केलं?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं?"

"नाई."

"मग?"

बाबांचा संशय मात्र गेला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती. आता ते दादाच्या तोंडाकडे बघत होते. दादाने आम्ही बसलो असताना दोनदा कपाळ दाबलं आणि एक गोळी घेतली. "डोकं दुखते?" बाबांनी विचारलं. "ऊन आहे," दादा म्हणाला. संध्याकाळी धक्क्यावर एक नवरा-बायको बसले होते, दादानेच खाली नेलेले. बाई ओकत होती. "बोट लागली त्यांना," दादा म्हणाला. बाबा समुद्राकडे बघत होते. त्या दिवशी पाणी परातीत ओतल्यासारखं सपाट होतं. "बोट तर हललीच नाई," ते हळू म्हणाले, दादाला नाही, मला.

सकाळी दादा मला म्हणाला, "वैशू, तू ये खाली. मग बाबांना सांग कसं आहे ते." मला पोहता येत नव्हतं. तो म्हणाला, पोहता यायची गरज नाही, मी धरतो. जानेवारीचं पाणी सगळ्यात स्वच्छ, वीस-पंचवीस फुटांपर्यंत दिसतं. पावसाळ्यात सगळं बंद असतं, आणि मोठ्या भरतीच्या दिवसांत गाळ उठतो. मी बोटीत बसले, मागे बाबाही चढले. बोट बाबलकाका नावाचे म्हातारे चालवायचे. आणखी दोन पर्यटक होते. किल्ल्याजवळ बोट थांबली, दादाने माझ्या पाठीवर सिलिंडर चढवला आणि बाबा उठले.

"ही हवा कोणी भरली?"

"आमच्याकडं मशीन आहे, बाबा. काल भरली."

"वास घेऊ दे."

पर्यटक हसले. दादाचे कान लाल झाले. याच प्रश्नांपासून तो पळून आला होता, आणि ते आता त्याच्या बोटीत येऊन उभे होते. तरी त्याने तोंडात धरायची ती नळी बाबांच्या हातात दिली आणि बटण दाबलं. फस्स करून हवा आली. बाबांनी डोळे मिटले. परत एकदा. मग म्हणाले, "दुसरा दे." दुसरा हुंगला. "याच्याआधीचा, जुना भरलेला आहे काय?" बोटीच्या टोकाला आठवड्यापूर्वीचा एक सिलिंडर पडून होता. तो हुंगून बाबांनी मान वर केली.

"हा चांगला आहे. या दोन सिलिंडरले धुराचा वास येऊन राहिला. डिझेलचा."

"बोटीचा असेल," दादा म्हणाला.

"बोटीचा असता तर तिन्हीलेही आला असता."

दादाने स्वतः हुंगलं. त्याला काही कळलं नाही. तो रोज तीच हवा घेत होता. तेव्हा सुकाणूवरून बाबलकाका म्हणाले, "माका पण येता वास, चार दिस झाले. माका वाटला माझ्याच इंजिनाचो." दादाने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्याचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला. मला वाटतं, त्या क्षणी त्याला गोळ्या आठवल्या, आणि धक्क्यावर ओकणारी ती बाई. त्याने माझ्या पाठीवरचे पट्टे सोडले. "बोट वळवा काका," तो म्हणाला. "आज मी कोणालाच खाली नेत नाही."

धक्क्यावर दादाच्या स्कुबा केंद्राचा मालक वाट बघत होता, कारण दुसरी तुकडी तयार होती. त्याने ऐकून घेतलं आणि बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काका, हा गोदामातला गहू नाही," तो म्हणाला. म्हणजे दादाने कधीतरी बाबांची गंमत सांगितली असणार. बाबा सरळ केंद्राच्या शेडकडे चालू लागले, मागे दादा, मागे मी. हवा भरायचं मशीन आत होतं. त्याची हवा ओढणारी नळी भिंतीतून बाहेर काढलेली. आणि त्या नळीच्या बरोबर खाली, ताडपत्रीच्या आडोशाला, आठवड्यापूर्वीच हलवून ठेवलेला जनरेटर धडधडत होता. त्याचा धूर भिंतीला काळा पट्टा ओढत वर चालला होता आणि नळीच्या तोंडाशी जाऊन नाहीसा होत होता. आम्ही तिघं ते बघत उभे राहिलो. दादा हळूच म्हणाला, "खोल गेलं की असली हवा आणखी चढते. एखादा खालीच बेशुद्ध पडला असता." मालकाने तेव्हाच जनरेटर बंद करायला लावला. पण चार लोकांसमोर तुकडी परत पाठवल्याचा राग त्याला गिळता आला नाही. "उद्यापासून येऊ नकोस," तो दादाला म्हणाला. दादा म्हणाला, "भरलेले सगळे सिलिंडर रिकामे करा, मग जातो." आणि ते रिकामे होईपर्यंत तो तिथून हलला नाही. फस्स, फस्स असा आवाज करत एकेक सिलिंडर मोकळा होत होता. बाबा एका खोक्यावर बसून दादाकडे पाहत होते. त्या नजरेत मला पहिल्यांदाच संशय दिसला नाही. काय होतं ते मात्र मला ओळखता आलं नाही.

दुपारी बाबलकाकांनी त्यांच्या पुतण्याच्या केंद्रातून दोन सिलिंडर आणले. बाबांनी हुंगले आणि फक्त मान हलवली. मी पाण्यात उतरले. आधी काही सुचेना. स्वतःचाच श्वास कानात एवढा मोठा वाजत होता की मला त्याचाही संशय आला; पुढचा येईल ना, असं प्रत्येक वेळी वाटायचं. दादाने मागून माझा पट्टा धरला होता. कान दुखले, नाक दाबून फुंकलं, टक्क आवाज होऊन मोकळे झाले. आणि मग खाली जमीन दिसू लागली. अक्रोडासारख्या सुरकुत्या पडलेले प्रवाळाचे घुमट, कुठे उघडलेल्या भूछत्रासारखे थर. फटींमधून काळे लांब काटे हलवणारे समुद्री साळू. एक निळा-हिरवा पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, त्याचं कुरुमकुरुम मला ऐकू आलं. समुद्रात असं ऐकू येत असेल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मग काळ्या पट्ट्यांच्या पिवळट माशांचा थवा सरळ माझ्या तोंडाशी आला. माझ्यातल्या बाबांच्या लेकीने लगेच मागे पाहिलं: दादाच्या मुठीत पाव तर नाही? बाकीचे लोक पाव टाकून मासे बोलवतात हे मी सकाळी पाहिलं होतं. दादाने दोन्ही तळवे उघडून दाखवले. रिकामे. मासे आपणहून आले होते. मी बोटांचा गोल केला.

वर आले तेव्हा बाबा बोटीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून बसले होते. आमचे बुडबुडे जिथे फुटत होते तिथून त्यांनी नजर काढली नव्हती, असं बाबलकाकांनी सांगितलं. मी धापा टाकत सगळं सांगू लागले, पोपटमासा, साळू, तो आवाज. ते ऐकत होते असं वाटेना. ते माझ्या वेणीकडे बघत होते. वेणीतून पाणी ठिबकून फळीवर साचत होतं.

"मायी एक बहीण होती," ते म्हणाले. "धाकटी."

दादा पोशाखाची चेन ओढत होता, तो थांबला. बाबांना दोन मोठे भाऊ होते, ते आम्हाला माहीत होते. कुहीकडचं गाव, धानाची शेती, सगळं माहीत होतं. बहीण कुणी कधी सांगितली नव्हती.

"सोळा-सतराची असन. मैत्रिणीकडं जाते म्हणून दुपारी जाये. संध्याकाळी येये तवा वेणी ओली राहे. रोज. मले दिसे. घरात दुसऱ्या कोणाले दिसलं नाई, मले दिसे." बाबांनी फळीवरच्या पाण्यावरून बोट फिरवलं. "गावाच्या मागं तलाव होता. एकटीच पोहणं शिकून राहिली होती. पोरीच्या जातीले कोण शिकवणार? मी इचारलं असतं तर म्या घरी सांगन म्हणून ती भ्याली असती, गेली नसती. नाईतर मी संगं गेलो असतो. मी इचारलंच नाई. एका संध्याकाळी ती आलीच नाई."

बोटीचं इंजिन बंद होतं. लाटा फळ्यांना लागत होत्या. बाबलकाका पाठ करून दोर गुंडाळू लागले. मी माझी वेणी हातात धरली, का ते मला ठाऊक नाही. नागपूरला परतल्यावर मी आईला विचारलं. तिला लग्नानंतर सासूने एकदा सांगितलं होतं, आणि पुन्हा कधी बोलायचं नाही असंही सांगितलं होतं. बाबांचं विचारणं पुढेही सुटलं नाही, आठवड्याभरात दादाला बाबलकाकांच्या पुतण्याकडे काम मिळालं आणि बाबा रोज फोन करून विचारत राहिले, पाणी कसं आहे, हवा कोणी भरली, किती लोक नेले, किती वर आणले. फरक एवढाच झाला की दादा सगळं सांगू लागला.

पण ते पुढचं. त्या दुपारी बोटीत दादा बाबांच्या शेजारी, ओल्या पोशाखानेच, फळीवर बसला.

"नाव काय होतं तिचं?"

एवढ्या वर्षांत बाबांनी ते उच्चारलं नव्हतं.

"शेवंता," ते म्हणाले.